दहा आठवड्यांचें परदेशगमन

विद्येसाठीं परदेशीं जाणें म्हटलें कीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें अजूनहि जुनेंच चित्र उभें राहतें. मुंबईच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट, निरोप द्यायला जमलेलें गणगोत, पदरानें डोळे पुसणारी आई, आणि तीन-चार वर्षांनीं मोठी पदवी घेऊन उतरणारा चिरंजीव. कोंकणांतील मुर्डीसारख्या लहान गांवांत जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे असेच केंब्रिजला गेले आणि १८९९ सालीं सीनिअर रँग्लर झाले. आतां आगबोटी गेल्या, विमानें आलीं, आणि त्यांच्याबरोबर परदेशगमनाचा एक आखूड प्रकार रूढ झाला. त्याला उन्हाळी संशोधन-शिष्यवृत्ति म्हणतात. विज्ञानाचा पदवीधर किंवा पदवीच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी आठ, दहा किंवा बारा आठवडे परदेशांतील एखाद्या प्रयोगशाळेंत जातो, तेथील एका प्राध्यापकाच्या हाताखालीं एक लहानसें काम करतो, आणि परत येऊन आपल्या कॉलेजांत मुकाट्यानें पुढच्या वर्गांत बसतो. पदवी नाहीं, बिल्ला नाहीं. मिळालेंच तर एक पत्र मिळतें.

मग जावें तरी कशाला? हा प्रश्न मला माझ्याच गांवच्या, म्हणजे कवठे येमाईच्या, एका शेतकऱ्यानें विचारला. त्यांची मुलगी आमच्या शाळेची माजी विद्यार्थिनी. तिचें नांव येथें घालूं नये असा तिचा आग्रह आहे आणि मला तो आवडला. तिच्या वडिलांना सारा गांव तात्या म्हणतो, म्हणून मीहि तात्याच म्हणतों.

तात्यांच्या घरीं गेल्याशिवाय हा प्रश्न किती खरा आहे हें कळायचें नाहीं. आमच्या बाजूला उन्हाळा हा सुटीचा काळ कधींच नव्हता. कांदा काढून, कापून, निवडून बराखींत भरायचा तो याच दिवसांत. मृगाच्या आधीं बाजरीचें रान तयार करायचें तें याच दिवसांत. आणि परदेशची शिष्यवृत्ति जूनमध्यें बोलावणार! तिकडच्या, विशेषतः अमेरिकेच्या, विद्यापीठांची मोठी सुटी मेच्या मध्यावर सुरू होते ती ऑगस्ट सरेपर्यंत चालते. वर्ग बंद असतात, परंतु प्रयोगशाळांना कुलूप नसतें. उलट शिकविण्याचा भार उतरल्यामुळें प्राध्यापकाला नवख्याकडे लक्ष द्यायला सवड मिळते. या सवडींतूनच ही प्रथा वाढली. जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेनें १९६२ सालीं उन्हाळी विद्यार्थी घ्यायला आरंभ केला. कॅलिफोर्नियांतील कॅलटेकनें १९७९ सालीं. त्यांचा उन्हाळा म्हणजे आमची पेरणी, हें त्यांच्या ध्यानांत यावें तरी कसें?

आपल्या देशांतील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीं अशी एक योजना २००७ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पुढाकारानें आणि आपल्या सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साह्यानें सुरू झाली. तिला हरगोविंद खोराना यांचें नांव दिलेलें आहे. तात्यांना मीं खोरानांची हकीकत सांगितली तेव्हां ते प्रथमच नीट सरसावून बसले. खोरानांचा जन्म रायपूर नांवाच्या पंजाबांतील एका खेड्यांत झाला. हें गांव आतां पाकिस्तानांत आहे. वस्ती अवघी शंभरेक माणसांची. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. साऱ्या गांवांत लिहितां-वाचतां येणारें घर जवळजवळ तेवढें एकच. १९४५ सालीं सरकारी शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले, लिव्हरपूलला डॉक्टरेट मिळविली, झुरिकला एक वर्ष काढलें, आणि १९४९ सालीं मायदेशीं परत आले. येथें त्यांना नोकरी मिळाली नाहीं. पुन्हां इंग्लंड, मग कॅनडा, मग १९६० पासून विस्कॉन्सिन. १९६८ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें तें विस्कॉन्सिनला असतांना केलेल्या कामाबद्दल. जनुकांची लिपी पेशी कशी वाचते हें त्यांनीं आणि त्यांच्याबरोबर पारितोषिक मिळालेल्या दोघांनीं उलगडून दाखविलें होतें.

तात्या म्हणाले, "म्हणजे तलाठ्याचं पोर गेलं ते गेलंच की गुरुजी."

पालकांच्या मनांतील खरी भीति येथें आहे, आणि ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. अशा शिष्यवृत्तीवर गेलेलें मूल दहा आठवड्यांनीं परत येतेंच. युरोपांतील बहुतेक देशांचा अल्प मुदतीचा परवाना नव्वद दिवसांचाच असतो. परंतु वाट एकदां पाहिली कीं पुढें तें त्या वाटेनें पुन्हां जाईल, हें उघड आहे. मीं तात्यांना खोटा दिलासा दिला नाहीं. मात्र खोरानांच्या जोडीला दुसरी एक हकीकत सांगितली, ती आपल्या मराठी माणसांची असून आपल्याच मुलामुलींना फार थोडी ठाऊक आहे.

दुर्गाबाई भागवतांचें नांव पालकांपैकीं बहुतेकांना माहीत असेल. त्यांच्या भगिनी कमलाबाई, लग्नानंतरच्या कमला सोहोनी, १९११ सालीं इंदूरला जन्मल्या. वडील आणि चुलते दोघेहि रसायनशास्त्रज्ञ. १९३३ सालीं कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या आणि बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत संशोधनासाठीं अर्ज केला. संस्थेचे संचालक त्या वेळीं चंद्रशेखर व्यंकट रामन होते, नोबेल पारितोषिक मिळविलेले. मुलींना घेत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. बाई हटल्या नाहींत. शेवटीं एक वर्ष पारखून पाहूं, मगच कायम करूं, अशा अपमानकारक अटीवर प्रवेश मिळाला. त्या वर्षाचें काम पाहून रामन यांचें मत बदललें, आणि संस्थेचें दार मुलींना उघडलें. आपल्या मुलींनीं हें वाचावें म्हणून थोडें सविस्तर लिहिलें. मुलांनीं वाचलें तरी कांहीं बिघडणार नाहीं.

१९३७ सालीं कमलाबाई शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. प्रयोगशाळेंत जागा शिल्लक नव्हती. डॉक्टर रिक्टर नांवाच्या एका संशोधकानें आपलें टेबल त्यांना दिवसा देऊं केलें आणि स्वतः रात्रीं काम करण्याचें पत्करलें. मला या साऱ्या चरित्रांत हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. पुढें रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करीत असतां बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींतहि सायटोक्रोम सी हा श्वसनाला लागणारा पदार्थ असतो हें त्यांनीं दाखवून दिलें. अवघ्या चौदा महिन्यांत काम संपवून त्यांनीं प्रबंध दिला, तोहि चाळीस पानांचा. १९३९ सालीं डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या, आणि मग साऱ्या आयुष्यभर आपल्याकडचीं कडधान्यें, नीरा, गरिबांच्या पोटांत काय जातें आणि काय जायला हवें, यांवर काम करीत राहिल्या. मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोचल्या. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.

तात्यांनीं विचारलें, "दिवसा टेबल देणारा तो कोण म्हणालात?" मीं नांव पुन्हां सांगितलें. "त्याचं टेबल गेलं की त्याच्या," एवढेंच ते म्हणाले, आणि विषय तेवढ्यावर राहिला.

आतां मुलीकडे येतों. ती आठवींत असतांना आम्हीं मुलांना टाकळी हाजीच्या कुंडांवर सहलीस नेलें होतें. कुकडी नदीच्या पात्रांतील हे रांजणखळगे आपल्या मुलांनीं पाहिलेले असतात, पण बहुधा जत्रेच्या गर्दींत. इतका कठीण काळा खडक कोणीं कोरला, हें तिनें विचारलें. पुराच्या पाण्याबरोबर आलेले गोटे एखाद्या खांचेंत अडकतात, भोंवऱ्यांत गरगर फिरतात आणि हजारों वर्षें तो खडक आंतून उगाळीत राहतात, असें मीं सांगितलें. ती म्हणाली, "मग गोटा पण झिजत असेल. एका रांजणाला किती गोटे लागले असतील?" मला उत्तर देतां आलें नाहीं आणि अजूनहि देतां येत नाहीं. पुढें ती जीवरसायनाकडे वळली, दगडांकडे नाहीं. परंतु प्रश्न विचारण्याची रीत तीच राहिली.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षीं तात्या पुण्याहून एक गुळगुळीत कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यावर घुमटाच्या इमारतीचें चित्र, खालीं परदेशांत उन्हाळी संशोधनाची सुवर्णसंधि, आणि तळाशीं बारीक अक्षरांत साडेतीन लाख रुपये. पुण्यांतील कुठल्याशा कचेरीनें मुलीची निवड झाल्याचेंहि पत्र दिलें होतें. परीक्षा नाहीं, मुलाखत नाहीं, कोणत्या प्राध्यापकाच्या हाताखालीं काम तेंहि नाहीं. बराखींतला कांदा विकून निम्मे पैसे भरायचे त्यांनीं ठरविलें होतें. मला त्यांनीं जो प्रश्न विचारला त्याहून चांगला प्रश्न या विषयावर मीं ऐकलेला नाहीं. ते म्हणाले, "गुरुजी, हे पैसं देऊन जायाचं, का पैसं घेऊन जायाचं? देऊन जायाचं असंल तर ती गिऱ्हाईक झाली. घेऊन जायाचं असंल तर कामाला लागली."

सारी परीक्षा या दोन वाक्यांत आहे. खरी शिष्यवृत्ति विद्यार्थ्याला निर्वाहवेतन देते. पुष्कळदां विमानाचें भाडेंहि देते, कधीं देत नाहीं. परंतु निवड करण्यासाठीं किंवा जागा राखण्यासाठीं लाखांच्या रकमा मागत नाहीं. पैसे भरून कोणाहि विद्यार्थ्याला घेणारे उन्हाळी वर्ग परदेशांत आहेत, त्यांतले कांहीं चांगलेहि असतील, पण ती शिष्यवृत्ति नव्हे. तो कागद तात्यांनीं माझ्या समोरच घडी घालून खिशांत ठेवला. पुढें त्याचें काय केलें ठाऊक नाहीं. कांदा त्या वर्षीं त्यांनीं भाव पाहूनच विकला.

त्या हिंवाळ्यांत तिनें तीन खऱ्या ठिकाणीं अर्ज केले. तिन्हींकडून नकार आला. एका ठिकाणीं तर तिचा अर्ज वाचलाच गेला नसावा, कारण त्या योजनेच्या यादींत तिचें कॉलेजच नव्हतें. ही गोष्ट पालकांनीं समजून घेतली पाहिजे. जर्मनीच्या डाड या संस्थेची वाईज नांवाची नामांकित योजना आय.आय.टी., आयसर यांसारख्या ठराविक संस्थांतील विद्यार्थ्यांपुरती ठेवलेली आहे. इतरहि कित्येक योजना अशाच. हजारों अर्ज वाचण्यापेक्षां यादी करणें सोपें, हें मला कळतें. तरीपण शिरूरच्या, दौंडच्या, नगरच्या कॉलेजांतील मुलाची बुद्धि यादीबाहेर राहते हें मला पटत नाहीं, आणि तसें मीं एका अशा संस्थेला पत्रहि लिहिलें. उत्तर सभ्य आलें. दुसरी अडचण आपल्या परीक्षांची. आयसरसारख्या संस्थांचें सत्र मेच्या आरंभीं आटोपतें. आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा मे-जूनमध्यें रेंगाळतात. एक जूनला हजर व्हा म्हणणाऱ्या योजनेला आमच्या मुलांनीं काय सांगावें?

नकार मिळालेल्या त्या उन्हाळ्यांत, म्हणजे २०२३ सालीं, ती घरीं बसली नाहीं. आपल्या देशांतहि अशा योजना आहेत हें फार थोड्यांना माहीत असतें. बंगलोर, दिल्ली आणि अलाहाबाद येथील तीन विज्ञान अकादमी मिळून २००७ पासून विद्यार्थ्यांना, इतकेंच नव्हे तर शिक्षकांनाहि, दोन महिन्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या देत आल्या आहेत. पुण्यांत आयुकाचा सुटीचा उपक्रम आहे. ती संस्था ज्यांनीं १९८८ सालीं उभी केली ते जयंत नारळीकर स्वतः १९५७ सालीं टाटांच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेले. आमच्या मुलीला पुण्यांतील एका सरकारी प्रयोगशाळेंत दोन महिने मिळाले. तेथें तिनें मुख्यतः काचेचीं भांडीं धुतलीं आणि इतरांचें काम पाहिलें. परंतु पुढच्या अर्जाला लागणारें शिफारसपत्र तेथून मिळालें. ज्यानें तुमचें काम डोळ्यांनीं पाहिलें आहे त्याचें पत्र दहा ओळींचें असलें तरी चालतें. ज्यानें पाहिलें नाहीं त्याचें दोन पानीहि उपयोगाचें नाहीं.

दुसऱ्या वर्षीं तिनें योजनांची वाट सोडून सरळ प्राध्यापकांना लिहिलें. ज्याला लिहायचें त्याचा एखादा निबंध आधीं वाचायचा, त्यांतील न समजलेली एक जागा दाखवायची, आणि मला यावर काम करायचें आहे असें नम्रपणें सांगायचें. अशीं एकवीस पत्रें तिनें धाडलीं. सोळांचें उत्तर आलें नाहीं, चौघांनीं नाहीं म्हटलें. जर्मनींतील एका विद्यापीठांतील एका बाईंनीं होकार दिला, राहण्या-जेवण्याचा खर्च संस्थेंतून देऊं केला, आणि परीक्षा संपल्यावर जूनच्या मध्यावर आलीस तरी चालेल असें कळविलें. विमानाचें भाडें मात्र आपलें आपण भरायचें होतें. जाऊन येऊन पाऊण लाख. तें कसें उभें राहिलें हें तिच्या आईनें कोणाला सांगितलें नव्हतें. मला कळलें तेव्हां वहिनींच्या हातांत पाटल्या नव्हत्या, आणि पतसंस्थेची पावती देव्हाऱ्यांत होती.

गांवांत बोलणीं झालीं. दहा आठवड्यांत काय होणार, असें एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं पारावर विचारलें. त्याच पारावर बसलेल्या एका डाळिंब बागाईतदारानें उत्तर दिलें. डाळिंबाची गुटी बांधतांना फांदीची साल बोटभर गोल काढतात, ओलें शेवाळ लावून वर प्लॅस्टिक गुंडाळतात. महिना-दोन महिन्यांत तिथें मुळें फुटतात, मग ती फांदी कापून दुसरीकडे लावली तरी जगते. तो म्हणाला, "दोन महिनं लागत्यात. जास्त नाय लागत." मी तेथें होतों, पण मला हें सुचलें नसतें.

२०२४ च्या जून महिन्यांत ती गेली आणि पोळ्याच्या आधल्या आठवड्यांत परत आली. आमच्या मुलांना तिनें जें सांगितलें त्यांतील थोडें येथें देतों.

पहिले तीन दिवस तिला कोणत्याहि बाटलीला हात लावूं दिला नाहीं. आग लागली तर कोणत्या दारानें बाहेर पडायचें, डोळ्यांत आम्ल उडालें तर कोठें धुवायचें, कोणता टाकाऊ पदार्थ कोणत्या डब्यांत टाकायचा, एवढेंच शिकविलें आणि सही घेतली. प्राध्यापकबाईंना सर्व जण त्यांच्या पहिल्या नांवानें हांक मारीत. हिच्या तोंडून तें दहा आठवड्यांत एकदांहि निघालें नाहीं, आणि बाईंनींहि तिला त्याबद्दल छेडलें नाहीं. रात्रीं साडेनऊपर्यंत उजेड असे, त्यामुळें जेवायची वेळ कळत नसे. स्वयंपाकघर आठ जणांत मिळून होतें. भाकरीचें पीठ तिनें नेलें होतें, तें दुसऱ्या आठवड्यांत संपलें, कारण एका इराणी मुलीला भाकरी फारच आवडली.

काम असें होतें : जवाच्या कोवळ्या रोपांतून एक विकर, ज्याला आपण एंझाइम म्हणतों, वेगळें काढायचें आणि त्याचें बळ मोजायचें. पानें वाटायचीं, गाळायचीं, तो रस यंत्रांत भरारा फिरवून गाळ खालीं बसवायचा, आणि वरच्या निवळींत विकर किती उरलें तें पाहायचें. सहा आठवडे तिचे आंकडे जुळेनात. एके दिवशीं विकर भरपूर, दुसऱ्या दिवशीं जवळजवळ नाहींच. रोपें तींच, हात तेच, बाटल्या त्याच. तिनें मला त्या काळांत लिहिलेलें पत्र माझ्याजवळ आहे. त्यांत आईच्या पाटल्यांचा उल्लेख दोनदां आहे.

सातव्या आठवड्यांत तिनें आपली नोंदवही पहिल्या पानापासून वाचून काढली. तिला पुण्यांत एक संवय लागली होती, कीं यंत्र वापरण्यापूर्वीं तें कोणीं वापरलें आणि किती वाजतां, हेंहि लिहून ठेवायचें. इतरांना ही संवय वेडगळ वाटे. वाचतांना तिला दिसलें कीं ज्या दिवशीं चांगला आंकडा आला त्या प्रत्येक दिवशीं तिच्या आधीं दुसऱ्या कोणीं तें यंत्र वापरलें होतें. ज्या दिवशीं वाईट आला त्या दिवशीं तिनेंच तें सकाळीं प्रथम सुरू केलें होतें. यंत्राला चार अंशांवर थंड व्हायला वेळ लागतो. दुसऱ्यानें आधीं वापरलेलें यंत्र थंडच असे. तिनें प्रथम सुरू केलेलें यंत्र आंतून अजून कोमट असे, बाहेरचा आंकडा कांहींहि दाखवो. पान वाटलें कीं त्याच्या पेशी फुटतात आणि त्यांत कोंडून ठेवलेलीं प्रथिनें खाणारीं दुसरीं विकरें मोकळीं होतात. थंडींत तीं आळसावतात, उबेंत भराभर काम करतात. तिचें विकर तिच्या डोळ्यांदेखत दुसरीं विकरें खात होतीं. दुसऱ्या दिवशीं तिनें एक तास आधीं यंत्र लावून ठेवलें, आणि आंकडे सरळ आले.

हा कांहीं शोध नव्हे. प्रत्येक जीवरसायनाच्या पुस्तकांत लिहिलेलें आहे कीं यंत्र आधीं थंड करावें, आणि तिनेंहि तें वाचलें होतें. परंतु बाईंनीं ती वही मागून घेतली, सगळ्यांना दाखविली, आणि यंत्राच्या शेजारीं एक कागद लावला. त्यावर प्रत्येकानें आपली वेळ लिहायची. तो कागद ती निघाली तेव्हां तेथेंच होता. उरलेल्या तीन आठवड्यांत जें काम झालें तें थोडें होतें, पण खरें होतें. दहा आठवड्यांत काय होतें याचें उत्तर मला तरी यापेक्षां नेमकें देतां येत नाहीं.

येथें एक गोष्ट आमच्या मुलांच्या ध्यानांत आणून द्यावीशी वाटते. विज्ञान म्हणजे परदेशांत असतें तें, अशी समजूत करून घेऊं नये. आपल्या गांवापासून वायव्येस नारायणगांवजवळ खोडद येथें जी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ती याच जिल्ह्यांतली. तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. चौदा मधल्या भागांत दाटीनें आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारांत तीन बाजूंना दूरवर पसरलेल्या. तबकडीला भरीव पत्रा नाहीं, तारेची जाळी आहे. लांब लहरींना जाळीचीं भोंकें दिसतच नाहींत, वारा मात्र त्यांतून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. गोविंद स्वरूप यांची ही युक्ति. ते २०२० सालीं वारले. २००२ पासून जगांतील कोणीहि शास्त्रज्ञ या दुर्बिणीवर वेळ मागूं शकतो, आणि मागतात. अर्ज चांगला असेल तर वेळ मिळते, नाहीं तर युरोपांतल्या मोठ्या विद्यापीठालाहि नकार मिळतो. दरवर्षीं २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास तेथें प्रदर्शन भरतें आणि खेड्यापाड्यांतलीं मुलें आपले प्रयोग घेऊन जातात. गेल्या वेळीं आमच्या सातवीच्या एका मुलानें तबकडीखालीं उभें राहून विचारलें, कीं बाहेरच्यांनीं अर्ज करायचा तर इंग्रजींत करतात का आपल्या भाषेंत. तेथील एका तरुण संशोधकानें हंसून सांगितलें कीं इंग्रजींत, पण नकार सर्वांना एकाच भाषेंत कळतो.

ती मुलगी सध्यां पुण्यांत संशोधन-सहायक म्हणून काम करते. पहिल्या चार पगारांतून पतसंस्थेचें कर्ज फिटलें आणि पाटल्या घरीं आल्या. परदेशीं पुन्हां जायचें कीं नाहीं हें तिचें अजून ठरलेलें नाहीं. तात्या विचारीत नाहींत. मात्र गेल्या महिन्यांत त्यांनीं बराखीच्या खांबाला एक वही दोरीनें टांगली आहे. कांदा कोणत्या दिवशीं भरला, हवा कशी होती, आणि सडका किती निघाला, तें तींत लिहितात.

माजी विद्यार्थ्यांपैकीं जे पदवीच्या शेवटच्या वर्षांत किंवा पुढें आहेत त्यांच्यासाठीं एवढेंच : बहुतेक योजनांचे अर्ज दिवाळी ते संक्रांत या काळांत भरावे लागतात, आणि पासपोर्ट हातीं यायला वेळ लागतो, म्हणून तो आधीं काढून ठेवावा. ज्यांना पत्रें लिहायचीं असतील त्यांनीं नवरात्र सरल्यावर कोणत्याहि शनिवारीं दुपारीं शाळेंत माझ्याकडे यावें. येतांना पत्राचा मजकूर मराठींत लिहून आणावा. इंग्रजी आपण मिळून करूं.